नेटवर्क चांगलं आहे, ताई

गुरुवार, रात्रीचे साडेदहा

"नेटवर्क चांगलं आहे, ताई. तुम्हीच हळू बोलताय."

एवढंच म्हणाल्या समुपदेशक मॅडम, फोनवर. तोवर मी टाकीच्या या अंगाची त्या अंगाला दोनदा जाऊन आले होते, व्हिडिओ बंद केला होता, डेटा बंद-चालू करून झाला होता. आणि मग हे. साध्या आवाजात, टोमणा वगैरे काही नाही. तरी तेव्हापासून ते वाक्य घशात माशाच्या काट्यासारखं बसलंय.

मी हळू बोलते? परिपाठाला माईक बंद पडला की हेडसर आपसूक माझ्याकडं बघतात. पोरं माघारी मला भोंगा म्हणतात, तेही ठाऊक आहे मला. आणि तीच मी गच्चीवर, अंधारात, ऐकायला चिटपाखरू नसताना कुजबुजते. खालच्या खोल्यांतली नीटची पोरं कानात बोळे कोंबून फिजिक्स ऐकत असतात, त्यांना माझं काय पडलंय. घरात कोणी नाही. आता तर नाहीच.

मग चोरून कोणापासून बोलते मी?

अक्काला कळलं तर ती म्हणेल, "मोबाईलवर कोणाला रडून दावलालीस? डोकं फिरलंय का तुझं?" म्हणू दे. पण अक्का औशाला आहे, गच्चीवर नाही.

खरं तर पहिला फोनही मी असाच केला होता. रात्री दीडला, 14416 वर, मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनला, पांघरुणात तोंड घालून. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, एवढंच शाळेतल्या पत्रकावर वाचलं होतं. पलीकडच्या मुलीला तीनदा "काय म्हणालात?" विचारावं लागलं. तेव्हाही मला वाटलं, लाइनच खराब.

नंतर या मॅडम. पहिल्याच दिवशी त्यांनी नऊ प्रश्नांचा तक्ता भरून घेतला. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. 27 पैकी 14 आले. आयुष्यभर पेपर तपासलेल्या बाईला आधी बरंच वाटलं, पन्नास टक्क्यांच्या वर आहोत म्हणून. इथं गुण कमी पडायला हवेत, हे त्यांनी हसू दाबत सांगितलं.

चिनूच्या खोलीचं अजून काही बोलले नाही त्यांच्याशी. पुढच्या गुरुवारी बघू.

पण आवाजाचं. जेवताना एकदम पत्र्याचं शेड आठवलं. 30 सप्टेंबर 1993 नंतरचं. विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंपात गाव गेलं आणि मग आम्ही सगळे त्या पत्र्यांत राहिलो. एका पत्र्याआड आम्ही, दुसऱ्या पत्र्याआड ज्यांची तीन माणसं गेली ते. आमची सगळी वाचली होती. आई म्हणायची, हळू बोल, हळू रड, तुझं काय गेलंय? तेव्हा मी सहावीत. भात तसाच ताटात ठेवून बसले, वाटलं, सापडलं! पुढच्या वेळी मॅडमना हेच सांगायचं, त्या खूष होतील.

कारण सापडल्याचा आनंद दहा मिनिटं टिकला. त्याच शेडमध्ये भाऊही वाढला, आणि तो फोनवर बोलला तर लातूरचं औशाला ऐकू जातं. फोनशिवाय.

तरीही आईचं ते "तुझं काय गेलंय" काही डोक्यातून जात नाही. आता तर गेलंय की माझंही. आता तरी...

असो.

एक लिहायचं राहिलंच. सेशन संपायला पाच-सात मिनिटं असताना पाठीमागं धबधब आवाज सुरू झाला. आठ दिवसांनी नळाला पाणी आलेलं, हौद भरला म्हणून मीच मोटार लावून वर आलेले, आणि टाकी भरून वाहायला लागली! लातुरात पाणी सांडणं म्हणजे पापच. मी कठड्यावरून वाकून अशी ओरडले, "ए पोरांनो, मोटार बंद करा रे!" की समोरच्या वाड्यातलं कुत्रं भुंकायला लागलं.

फोन हातातच होता. मॅडम म्हणाल्या, "हा आवाज अगदी स्पष्ट आला, ताई."

दोघी बराच वेळ हसलो. पोरांनी मोटार काही बंद केली नाही. कानात बोळे. शेवटी मीच खाली पळाले, तोवर निम्मा हौद गटारात.