पिवळं पाणी आधी हिरवं करा

प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या कामातल्या सांडपाण्यात चुना टाकला की धातू खाली बसतात, हे अर्धंच खरं आहे. निकेल, जस्त, तांबं बसतं. पिवळा, सहा संयुजेचा क्रोमियम बसत नाही. पीएच कितीही वाढवा, तो निवळीबरोबर, म्हणजे गाळावरच्या स्वच्छ पाण्याबरोबर बाहेर जातो. आणि या सगळ्यांत जास्त विषारी तोच.

म्हणून क्रोमचं धुवण वेगळ्या टाकीत घ्या. सल्फ्युरिक अॅसिडने पीएच 2 ते 2.5 वर आणा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट टाका. त्याने पिवळा क्रोम हिरवा, तीन संयुजेचा होतो, आणि तो चुन्याने बसतो. एका ग्रॅम क्रोमला हिशोबाने 2.74 ग्रॅम लागतं. म्हणजे लिटरला 100 मिलिग्रॅम क्रोम असलेल्या हजार लिटर पाण्याला 274 ग्रॅम. प्रत्यक्षात 350 धरा, कारण उघड्या गोणीतल्या पावडरीचा जोर दमट हवेने उतरतो. अर्धा तास ढवळा. पीएच 4 च्या वर असेल तर काम रेंगाळतं, पाणी पिवळंच राहतं आणि ऑपरेटर पावडरच ओतत बसतो. तिथे कमी पडलेलं असतं अॅसिड. वायुवीजन मात्र हवंच, सल्फर डायऑक्साइड घशाला झोंबतो. सायनाइडचं पाणी या टाकीत चुकूनही येता कामा नये: अॅसिडमध्ये त्याचा जीवघेणा वायू होतो.

रंगावर विसंबू नका, निकेलही हिरवंच दिसतं. अॅसिड केलेल्या नमुन्यात डायफेनिलकार्बाझाइडचे थेंब टाका. जांभळट लाल झालं तर सहा संयुजेचा क्रोम शिल्लक आहे. बाहेर सोडायच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे.

आता चुना. हिरवा झालेला क्रोम 8 ते 8.5 पीएचला उत्तम बसतो, जस्त 9 ते 9.5 ला, निकेलला 10 च्या पुढे जावं लागतं. पण तिथवर गेलं की क्रोम आणि जस्त पुन्हा विरघळू लागतात. तिन्ही एकत्र असतील तर दोन टप्पे करा: 8.5 ला गाळ काढून घ्या, मग निवळी 10.3 वर न्या. एकाच दमात करायचंच तर आधी जार टेस्ट घ्या, म्हणजे बीकरमधल्या थोड्या पाण्यावर वेगवेगळे पीएच करून पाहा. पाण्यात अमोनिया, सायट्रेट किंवा ईडीटीए अशी निकेलला धरून ठेवणारी द्रव्यं असतील तर निकेल कुठल्याच पीएचला नीट बसत नाही. इलेक्ट्रोलेस निकेलच्या, म्हणजे विजेशिवाय चढवलेल्या निकेलच्या पाण्यात अशी द्रव्यं असतात, म्हणूनच ते वेगळं ठेवायचं.

पॉली, म्हणजे गाळाचे बारीक कण एकत्र आणणारी पॉलिमरची पावडर, 0.1 टक्क्याची करा, फिरत्या पाण्यात चिमटीचिमटीने भुरभुरून. एकदम ओतली की माशाच्या डोळ्यासारख्या गुठळ्या होतात, त्या विरघळत नाहीत. तासभर मुरू द्या. पॉली पडल्यावर ढवळणं अगदी सावकाश, नाहीतर जमलेले पुंजके फुटतात आणि तासन्‌तास तरंगतात.

फिल्टर प्रेसमध्ये गाळ दाबून पाणी काढल्यावर उरलेली वडी छपराखाली, गोणीत ठेवा. अॅसिडचा एक ओघळ लागला की बसवलेला धातू परत पाण्यात उतरतो. ती घातक कचऱ्यातच मोजायची, तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्राकडेच पाठवायची.