म्हस पुरात गेली, पंचनामा कसा करून घेतला – माझा अनुभव

2019 च्या ऑगस्टमधला महापूर आमच्या निपाणी भागात (कर्नाटकातला बेळगाव जिल्हा) कोण विसरणार नाही. यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, पुणे-बेंगळूर रस्ता बंद, तिकडं दूधगंगेला काळम्मावाडी धरणाचं पाणी, आणि भोजजवळ ह्या दोन्ही नद्या एक होतात म्हणजे त्याच्या खालच्या गावांचं काय झालं असंल बघा. माणसांना काढायला बोटी आल्या पण जनावरांचं कोण बघणार, म्हणून मी नि आमच्या गल्लीतली पोरं त्या कामाला लागलो. माझं माहेर नदीकाठचं, गोठ्यात वाढलेली, त्यामुळं घरात कोण नको म्हणालं नाही.

पहिलं सांगते, म्हस पाण्याला भीत नाही, चांगली पोहते. मेली ती दाव्याला बांधलेली मेली. रात्री पाणी वाढलं, माणसं अंगावरच्या कपड्यावर निघाली, सकाळी येऊन सोडू म्हणाली, आणि सकाळी गोठ्यापर्यंत जायला वाटच नाही. ज्यांनी दावं कापलं त्यांची कितीतरी जनावरं दुसऱ्याच गावच्या माळावर सापडली.

गंजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांच्या राहण्या-जेवणाची सोय, शाळेत होतं, तिथं कुत्र्याला आत घेईनात. एक आजी कुत्र्याला घेऊन व्हरांड्यातच बसलेली, किती सांगितलं तरी "हे भाईर तर मीबी भाईर" एवढंच. शेवटी सायकल स्टँडला ताडपत्री मारून दिली, मग बाकीचेबी आपापली कुत्री, शेळ्या घेऊन तिथंच आले. मोकाट कुत्र्यांचं वेगळं, ती पत्र्यावर चढून बसलेली, भेदरलेली, हात लावला की चावणार. आम्ही पकडायच्या भानगडीत पडलो नाही, बोटवाल्यांकडनं भाकरी पाठवायचो. पोरांना बजावून ठेवलं होतं, दात लागला तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस, उद्या बघू चालणार नाही. जी थोडी कुत्री वर आणली त्यांचे फोटो मराठी-कन्नड दोन्हीत लिहून व्हॉट्सॲपवर टाकले, आणि पाणी उतरल्यावर जिथली तिथल्याच गल्लीत सोडली, दुसरीकडं सोडली तर तिथली कुत्री ठिवत नाहीत.

मदत खूप आली हो, पण बिस्किटं नि ब्रेडच जास्त. पाहिजे होता कडबा. गाळ बसलेलं उसाचं वाडं घालून काही जनावरं हगवणीला लागली. आणि उपाशी जनावराला लोक मायेनं पहिल्यांदा भरडा नि पेंड घालायचे, त्यानं पोट बिघडून फुगतंय. सरकारी डॉक्टर ओरडून सांगत होते, आधी पाणी, मग वाळला कडबा थोडा थोडा, आंबोण नंतर.

आता खरं काम. आमच्या लांबच्या एका काकूंच्या दोन म्हशी गेल्या. एक गोठ्यातच मेलेली सापडली, दुसरी वाहून गेली. त्यावेळी आपत्तीच्या नियमानं दुभत्या म्हशीला 30,000, बैलाला 25,000, शेळीला 3,000 असा दर होता. पण मिळायला मेलेलं जनावर दाखवावं लागतंय. वासाला कंटाळून लोकांनी जेसीबीनं खड्डा काढून चुना टाकून पुरून टाकलं आणि मग तलाठ्याकडं गेले, तिथंच अडकले. काकूंना मी म्हटलं पुरायचं नाही, आधी डॉक्टर येऊ देत. डॉक्टरनी बघून दाखला दिला, तलाठी नि पीडीओ (ग्रामपंचायतीचा विकास अधिकारी) येऊन पंचनामा झाला, आम्ही गोठ्यासकट, शेजाऱ्यांना उभं करून फोटो काढले, मगच पुरली.

वाहून गेलेलीचं काय करायचं? ऑफिसात एकच प्रश्न, म्हस होती कशावरून. एका टेबलावरनं दुसऱ्या टेबलावर, आणि अर्ज कन्नडमध्ये पाहिजे. काकूंना कन्नड बोलायला येतंय, लिहायला नाही, मलाबी जेमतेम. कन्नड मीडियमला शिकलेली शेजारची पोरगी बसली आणि एका दमात लिहून दिलं तिनं. कशावरून ह्याचं उत्तर मात्र डेअरीच्या पुस्तकात मिळालं! रोज सकाळ-संध्याकाळ किती लिटर घातलं ते लिहिलेलं, आणि पुराच्या आदल्या दिवसापर्यंतचं. एवढं दूध एका म्हशीचं नसतंय हे कुणीबी सांगेल. ते, शेजाऱ्यांचे जबाब, गोठ्यातली दोन दावणी, एवढ्यावर दुसरा पंचनामा झाला. ज्यांनी घरातच दूध खाल्लं, डेअरीला घातलं नाही, त्यांना पुरावा गोळा करताना लई जड गेलं, आणि ती सगळी गरीबच माणसं, हा मला आजबी अन्याय वाटतोय.

पैसे आले तर काकूंचं खातं बंद पडलेलं, आधार जोडलेलं नाही, परत बँकेत चकरा. दोन्हीचे आले शेवटी. तिसात कसली म्हस येतीय, वर बचत गटाचं कर्ज काढून एक घेतली.

2022 पासून दर वाढलाय, दुभत्या म्हशीला 37,500, बैलाला 32,000, शेळीला 4,000. आणि आता कानात 12 आकडी बिल्ला असतोय, तो नंबर दिसेल असा जनावराचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, सोबत मालक उभा असला तर अजून बरं. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हशीबरोबर फोटो? माझा लग्नातबी एकच काढलाय गं." पण काढला, पदर नीट करून.