बाईंची फाइल सिनेटमधून सुटेपर्यंत

अमेरिकेत न्यायाधीश नेमायचा तर राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात आणि सिनेट, म्हणजे तिथल्या संसदेचं वरचं सभागृह, त्यावर चर्चा करून संमती देते, एवढं मी पुण्यात आयएलएस लॉ कॉलेजला असताना परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. राज्यघटनेचं दुसरं कलम, दुसरा विभाग, उत्तर चार ओळींचं. त्या चार ओळींना प्रत्यक्षात किती कागद लागतो ते २०२३-२४ मध्ये कळलं. मी ज्या लॉ फर्ममध्ये असोसिएट आहे तिथल्या एका सीनियर पार्टनरचं नाव फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी, म्हणजे केंद्राच्या कोर्टांतल्या पहिल्या पायरीसाठी, पुढे आलं आणि त्यांची कागदपत्रं जुळवायच्या कामाला मला बसवलं गेलं. नाव सांगत नाही. ऑफिसात सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, मीही मारते. पण मराठीत लिहिताना ते जमत नाही, म्हणून इथे त्या ‘बाई’.

बातम्यांत दिसते ती सुप्रीम कोर्टाची लढाई. २०१८ मध्ये ब्रेट कॅव्हनॉ ५० विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाले, २०२२ मध्ये केतान्जी ब्राउन जॅक्सन ५३ विरुद्ध ४७ मतांनी. पण तिथे खुर्च्याच नऊ, आणि त्या क्वचित रिकाम्या होतात. सिनेटचं रोजचं काम चालतं ते खालच्या फेडरल कोर्टांचं. ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांत २३४ न्यायाधीश मंजूर झाले, बायडन यांच्या चार वर्षांत २३५. त्यांतल्या बहुतेकांची नावं त्यांच्या शहराबाहेर कोणाला ठाऊक नसतात. नेमणूक मात्र तहहयात. आमच्या बाई या गर्दीतल्या.

नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात हे कागदावर. सुरुवात होते राज्याच्या दोन सिनेटरांपासून. आमच्या राज्यात त्यांनी वकिलांची एक समिती नेमलेली आहे. ती अर्ज मागवते, मुलाखती घेते, नावं वर पाठवते. सिनेटरांना एवढा मान कशासाठी, तर निळ्या कागदासाठी. सिनेटच्या न्यायिक समितीचे अध्यक्ष उमेदवाराच्या राज्यातल्या दोन्ही सिनेटरांना निळ्या रंगाचा एक फॉर्म पाठवतात, त्याला ब्लू स्लिप म्हणतात. डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या बाबतीत तो होकारासह परत आला नाही, तर हिअरिंग, म्हणजे समितीपुढची जाहीर प्रश्नोत्तरं, लागत नाही. ही अट राज्यघटनेत नाही, सिनेटच्या नियमांतही नाही, नुसती शंभरेक वर्षांची रीत आहे. अपील ऐकणाऱ्या वरच्या सर्किट कोर्टांसाठी रिपब्लिकनांनी ती ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत मोडली. डिस्ट्रिक्टसाठी समितीचे तेव्हाचे डेमोक्रॅट अध्यक्ष डिक डर्बिन यांनीही ती ठेवली, त्यावरून स्वतःच्याच पक्षाच्या शिव्या खाऊन. म्हणजे एखाद्या सिनेटरला नाव पुरायचं असेल तर भाषण ठोकायची गरज नाही, टपाल परत न पाठवलं की झालं. बाईंच्या दोन्ही स्लिपा परत आल्या, आणि मला तो प्रवासातला पहिला मोठा टप्पा वाटला. अनुभवी मंडळी म्हणाली, अजून फॉर्म कुठे भरलाय?

त्याआधी एफबीआयची चौकशी होते. शेजारी, सहकारी, जुने विरोधी वकील, सगळ्यांशी बोलतात. मला फोन आला. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला एफबीआयचा फोन आला की घशाला कोरड पडते, मग विषय कुणाचाही असो. प्रश्न साधे होते: बाई चिडतात का, पितात का, पैशाची ओढाताण आहे का, हाताखालच्यांशी कशा वागतात. अमेरिकन बार असोसिएशनची समितीही स्वतंत्रपणे वकील आणि न्यायाधीशांना विचारून ‘उत्तम पात्र’, ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा देते.

आता त्या फॉर्मबद्दल. न्यायिक समितीची प्रश्नावली म्हणजे माणसाच्या आयुष्याचा पंचनामा असतो. बारावा प्रश्न आमचा जीव खाऊन गेला. आजवर छापून आलेलं सगळं लिखाण द्या: लेख, संपादकांना पत्रं, कॉलेजच्या अंकातला मजकूर. केलेली सगळी भाषणं, परिसंवाद, व्याख्यानं, दिलेल्या मुलाखती, तारीख आणि ठिकाणासह. बाईंनी पंचवीसेक वर्षं वकिली केलेली, बार असोसिएशनच्या जेवणांपासून शाळेतल्या ‘करिअर डे’पर्यंत कुठे कुठे बोललेल्या. मी त्यांची जुनी कॅलेंडरं, ईमेल, वर्तमानपत्रांचे डेटाबेस, चर्चची बातमीपत्रं असं सगळं चाळत होते. भाषणाची टिपणं नसतील तर तसं लिहावं लागतं, आणि आयोजक संस्थेचा पत्ता द्यावा लागतो. ‘माझ्याकडे टिपणं, प्रत वा ध्वनिमुद्रण नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलं की पहिला शब्द लिहिला की संगणकच पुढचं पूर्ण करायला लागला.

एवढा आटापिटा का? कारण एखादं भाषण राहिलं आणि ते विरोधी पक्षाच्या स्टाफला सापडलं, तर भाषणात काय होतं हा मुद्दा उरत नाही, ‘लपवलं’ हा मुद्दा होतो. फॉर्म समितीच्या वेबसाइटवर जातो, कोणीही वाचू शकतो.

सतरावा प्रश्न कोर्टातल्या दहा सर्वांत महत्त्वाच्या केसेसचा: प्रत्येकीचा गोषवारा, न्यायाधीशाचं नाव, आणि विरोधी वकिलाचं नाव, पत्ता, फोन. ज्या वकिलाला तुम्ही हरवलंत त्याचाच नंबर द्यायचा आणि तो काय सांगेल याची वाट बघायची. ही युक्ती मला मनापासून आवडली. संपत्ती, कर्ज, कोणत्या क्लबचं सदस्यत्व, तो क्लब कधी कोणाला प्रवेश नाकारत होता का, कोणत्या निवडणुकीत काम केलंत, आणि शेवटी: नेमणुकीच्या बदल्यात अमुक खटल्यात कसा निकाल द्याल असं कोणी विचारलं का? उत्तर सगळ्यांचंच ‘नाही’ असतं.

हिअरिंगची मुख्य तालीम वॉशिंग्टनला न्याय खात्यात होते. आम्ही ऑफिसच्या कॉन्फरन्स रूममध्ये आमची घरगुती घेतली. लुइझियानाच्या सिनेटर जॉन केनेडींची भूमिका माझ्याकडे होती. हे गृहस्थ लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे प्रश्न विचारण्यासाठी प्रसिद्ध आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी मॅथ्यू पीटरसन यांना ‘मोशन इन लिमिने’ (एखादा पुरावा खटल्यात येऊच नये म्हणून आधी करायचा अर्ज) म्हणजे काय विचारलं. पीटरसन यांना सांगता आलं नाही, आणि काही दिवसांत त्यांनी नाव मागे घेतलं. गंमत म्हणजे केनेडी रिपब्लिकन आणि पीटरसन ट्रम्प यांचे उमेदवार. तेव्हापासून वयाची पन्नाशी गाठलेले वकीलही हिअरिंगआधी विद्यार्थ्यांसारखे पाठांतर करतात. मी बाईंना राज्यघटनेची कलमं क्रम बदलून विचारत होते आणि त्या मायक्रोवेव्हपाशी उभ्या राहून उत्तरं देत होत्या.

हिअरिंग नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सिनेटच्या डर्कसन बिल्डिंगमध्ये. सामान्य माणसाला आत जायला पास लागत नाही, मेटल डिटेक्टरमधून जायचं आणि रांगेत उभं राहायचं. पहिल्या फेरीत सर्किट कोर्टाच्या उमेदवार होत्या. खोली भरलेली, सिनेटर तावातावाने बोलत होते, कॅमेरे चालू. ती फेरी संपली आणि डिस्ट्रिक्टचे उमेदवार एकाच टेबलापाशी ओळीने बसले, तोवर मंचावरच्या बहुतेक खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. शपथ झाली, प्रत्येकाने आईवडील, मुलं, नवरा-बायको यांची ओळख करून दिली. प्रत्येक सिनेटरला पाच मिनिटं. हवाईच्या सिनेटर मेझी हिरोनो प्रत्येक उमेदवाराला लैंगिक छळासंबंधी तेच दोन प्रश्न विचारतात, तेही झाले. बाईंच्या वाट्याला आले मोजके प्रश्न, त्यांतला एक त्यांच्या जुन्या अशिलाबद्दल. ‘अशिलाची बाजू मांडणं हे माझं काम होतं’ असं उत्तर त्यांनी दिलं. केनेडींनी त्यांना काही विचारलंच नाही! माझी एवढी तालीम फुकट.

कुठल्याही वादाच्या विषयावर उत्तर ठरलेलं: ‘हा प्रश्न माझ्यापुढे येऊ शकतो, म्हणून बोलणं योग्य होणार नाही.’ १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या उमेदवार रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी इशारा नाही, अंदाज नाही, झलक नाही असं सांगितलं, आणि तेव्हापासून दोन्ही पक्षांचे उमेदवार त्या आडोशाला उभे राहतात. अपवाद दोनतीन निकालांचे. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राउन निकाल आणि आंतरवंशीय विवाहांवरची बंदी उठवणारा १९६७ चा लव्हिंग निकाल बरोबर होते, एवढं आता बहुतेक जण म्हणतात. त्यापलीकडे तोंड उघडत नाहीत. मला तरी हिअरिंग हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत पोकळ भाग वाटला. माणूस कळतो तो प्रश्नावलीतून.

हिअरिंगनंतर आठवड्याने लेखी प्रश्न आले. खोलीत ज्यांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, त्यांच्याकडूनही पानंच्या पानं. बरेचसे प्रश्न सगळ्या उमेदवारांना सारखेच पाठवलेले, काही खास बाईंच्या जुन्या लेखांतली वाक्यं उचलून. नेमकी दिवाळी. बहिणीने न्यू जर्सीहून पाठवलेली चकली ऑफिसच्या टेबलावर, आणि मी बंदूक बाळगण्याच्या हक्कावरच्या २०२२ च्या ब्रुएन निकालाचे दाखले तपासतेय. पाडव्याला नवऱ्याने फोनवरूनच ओवाळणीची रक्कम विचारली.

समितीची बैठक गुरुवारी असते. नाव पहिल्यांदा यादीत आलं की कोणीतरी एक आठवडा पुढे ढकला म्हणतं आणि ते ढकललं जातं. यात राग-लोभ नसतो, रिवाजच आहे. समितीत तेव्हा ११ डेमोक्रॅट आणि १० रिपब्लिकन. त्या एका मताचं मोल त्याच वर्षी दिसलं होतं: समितीतल्या डेमोक्रॅट सिनेटर डायन फाइनस्टाइन आजारपणामुळे फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत येऊ शकल्या नाहीत आणि वादातली नावं समितीतच अडकली. बाईंचं नाव डिसेंबरात समितीतून सुटलं. आम्ही केक आणला.

३ जानेवारीला ते परत गेलं. नकार मिळून नाही; वर्षाचं अधिवेशन संपलं की प्रलंबित नावं नियमाप्रमाणे राष्ट्राध्यक्षांकडे परततात, कोणाचीच हरकत नसेल तरच ती राहतात. हरकत होती. बाईंबरोबर बरीच नावं परतली. राष्ट्राध्यक्षांनी ती जानेवारीतच पुन्हा पाठवली. हिअरिंग पुन्हा नाही, पण समितीचं मतदान पुन्हा. मधल्या काळात बाई नवीन अशील घेऊ शकत नव्हत्या आणि जुने हळूहळू दुसऱ्यांकडे चालले होते. फर्ममध्ये त्यांची अवस्था धड सासरी नाही, धड माहेरी नाही अशी होती. निदान बाई सुदैवी. २०१६ मध्ये मेरिक गारलंड यांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी मार्चमध्ये आलं आणि हिअरिंगही न होता पुढच्या ३ जानेवारीला संपलं.

याच काळात संभाजीनगर खंडपीठात वकिली करणाऱ्या कॉलेजमित्राशी फोनवर वाद झाला. तो म्हणाला, “तुमच्याकडे निदान कळतं तरी गाडं कुठे अडलंय. आमच्याकडे कॉलेजियमने नाव पाठवलं की केंद्राकडे किती महिने पडून राहील, कोण सांगणार?” आपल्याकडे नावं सुचवतं ते ज्येष्ठ न्यायाधीशांचं कॉलेजियम, नेमणुकीत संसदेला मतच नाही. कॉलेजियमऐवजी नेमणूक आयोग आणणारी घटनादुरुस्ती सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१५ मध्ये रद्द केली. संसदेपुढे न्यायाधीशाचा विषय येतो तो त्याला काढायचा असेल तेव्हा, जसा १९९३ मध्ये रामस्वामींचा आला आणि लोकसभेत पुरेशी मतंच पडली नाहीत. मी त्याला म्हटलं, अरे, इथे सगळं दिसतं हे खरं, पण पक्ष बघून मत ठरतं हेही दिसतं. त्यावर तो म्हणाला, दिसू दे की. या मुद्द्यावर त्याचं मला पटतं.

शेवटी बाईंचं नाव सभागृहापुढे आलं. आधी चर्चा बंद करण्याचा ठराव, म्हणजे क्लोचर. त्याला एके काळी ६० मतं लागत. नोव्हेंबर २०१३ मध्ये डेमोक्रॅटांनी खालच्या कोर्टांसाठी ती अट साध्या बहुमतावर आणली, एप्रिल २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी सुप्रीम कोर्टासाठीही. क्लोचरनंतर पूर्वी ३० तासांपर्यंत चर्चा चाले. २०१९ पासून डिस्ट्रिक्ट न्यायाधीशांसाठी दोन तास.

ते दोन तास ऐकायला मी गेले. परदेशी नागरिकाला पासपोर्ट दाखवून कॅपिटॉलच्या व्हिजिटर सेंटरमध्ये सिनेट गॅलरीचा पास मिळतो. फोन बाहेर ठेवावा लागतो. खाली एक सिनेटर शेतीच्या विधेयकावर बोलत होते, समोर जवळपास कोणी नाही. दुसऱ्यांनी आपल्या राज्यातल्या निवृत्त होणाऱ्या कोणाचा तरी गौरव केला. मग बोलणारंच कोणी नाही म्हणून क्लार्कने संथपणे सदस्यांची नावं पुकारायला सुरुवात केली. टीव्हीवर अशा वेळी शास्त्रीय संगीत लावतात, गॅलरीत तेही नाही. बाईंचं नाव चर्चेत एकदाही आलं नाही. मतदानाची वेळ झाली तशी माणसं आत येऊ लागली, घोळक्याने गप्पा मारत. बटणं नाहीत. क्लार्कच्या टेबलापाशी यायचं, अंगठा वर किंवा खाली करायचा, जायचं. पंधरा मिनिटांचं मतदान रेंगाळलं. पन्नासच्या किंचित वर होकार, चाळीसच्या वर नकार, आणि पीठासीन अधिकाऱ्यांनी एका वाक्यात मंजुरी जाहीर करून पुढचं काम पुकारलं. शेजारच्या जोडप्याने मला विचारलं, हे कशाचं होतं? सांगितलं, तर म्हणाले, अरे वा, आणि सभागृहाचं छत बघायला लागले.

नंतरचं पटपट झालं. राष्ट्राध्यक्षांची सही झाली, बाईंनी शपथ घेतली, फर्मच्या पाटीवरून नाव उतरलं. प्रश्नावलीत लिहून दिल्याप्रमाणे आमच्या फर्मच्या केसेस त्या ऐकत नाहीत. लॉटरीत आमची केस त्यांच्याकडे लागली तर क्लार्क ती दुसऱ्या न्यायाधीशांकडे वळवतो. गेल्या महिन्यात माझी एक तशी वळली, आणि जे न्यायाधीश वाट्याला आले ते तारखा द्यायला भलतेच कडक निघाले.