चार प्लेट, एक कढई

शुक्रवारच्या त्या रात्रीला दीड महिना झाला. त्या शाखेची तक्रार माझ्या यादीत अजून उघडी आहे आणि ती बंद करायला हात होत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आशियाई जेवणाच्या एका चेनमध्ये मी गुणवत्ता आणि प्रशिक्षण सांभाळते. दिवसभर चाखत फिरायचं काम, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात माझा निम्मा वेळ भातामागे जातो. फ्राईड राईसला आदल्या दिवशीचा गार भात लागतो आणि बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. भात ओट्यावर तसाच राहिला की जिवाणू वाढतात, विष तयार करतात, आणि ते विष नंतर भात कितीही कडकडीत परतला तरी जात नाही. म्हणून भात उथळ ट्रेमध्ये पसरायचा, दोन तासांत ६० अंशांवरून २१ पर्यंत उतरवायचा आणि मग ५ अंशांखाली ठेवायचा. तारीख-वेळेची चिठ्ठी नसलेला ट्रे मी आजवर एकदाही माफ केलेला नाही. चेनला नावं ठेवणाऱ्यांना हे दिसत नाही, पण या एका शिस्तीचा मला मनापासून अभिमान आहे.

तक्रार मात्र पॅड सी यूची होती. तांदळाच्या रुंद पट्ट्यांचे नूडल्स, अंडं, हिरवी पालेभाजी आणि काळा गोडसर सोया सॉस, असा हा थाई पदार्थ. सॉस तापल्या कढईला लागून किंचित करपला पाहिजे. त्या करपण्यातच पदार्थाचा सगळा जीव. या शाखेतून सहा आठवड्यांत नऊ तक्रारी आल्या होत्या. 'गोळा झाला होता', 'उकडल्यासारखं लागलं', 'सॉसात भिजलेलं'. एकाने लिहिलं होतं, 'अजिनोमोटो जास्त'. ही तक्रार कुठल्याही शाखेतून, कुठल्याही पदार्थाबद्दल येते. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये कोम्बू शेवाळाच्या रशातून ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटोतला चव देणारा घटक, ओळखलं. तेच टोमॅटोत असतं, मुरलेल्या चीजमध्येही असतं. १९६८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अजिनोमोटोवरही संशय घेणारं एक पत्र छापून आलं आणि तेव्हा बसलेली भीती अजून माझ्या टेबलावर येऊन पडते. पॅड सी यूत आम्ही अजिनोमोटो वरून घालतही नाही.

नऊपैकी आठ तक्रारी शुक्रवार-शनिवार रात्रीच्या होत्या. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. पण माझा संशय आधी सॉसवर गेला, कारण तो मध्यवर्ती किचनमधून पिशव्यांत येतो आणि 'पिशवीतला सॉस' म्हटलं की आमच्यातल्या शेफ मंडळींचंही नाक मुरडतं. मी त्या बॅचची साखर, मीठ आणि आंबटपणा मोजला. तिन्ही आकडे बरोबर होते. मग नूडल्स पाहिले. हे नूडल्स फ्रिजमध्ये कडक होतात आणि गार असताना ओढले तर तुकडे पडतात. ते आधी बाहेर काढून हातानं एकेक पट्टी सुटी करावी लागते. प्रीपवरच्या दोन्ही पोरांनी ते काम इतकं नेटकं केलं होतं की एक पट्टी फाटलेली नव्हती.

उरली कढई. त्या शुक्रवारी साडेसातला मी वोकच्या, म्हणजे त्या खोल चिनी कढईच्या, बाजूला जाऊन उभी राहिले.

वोकवर आमचे उस्ताद असतात. वीसहून जास्त वर्षं याच कामात. हातात तापमानाची गन घेऊन मी उभी होते. कढई वापरून वापरून काळी मुरलेली असल्यामुळे गन नीट वाचत होती. चकचकीत स्टीलवर ती चुकीचं सांगते. गर्दी सुरू व्हायच्या आधीची पहिली ऑर्डर एका प्लेटची होती. कढईचा तळ ३०० च्या पुढे. नूडल्स पडले तसा आकडा १९० पर्यंत उतरला आणि वीस सेकंदांत परत चढला. सॉस कडेनं ओतला, चर्रर्र आवाज झाला, खरपूस वास आला. मी उभ्याउभ्या दोन घास खाल्ले. उत्तम होतं.

आठ वाजता स्क्रीनवर ऑर्डरी धडाधड पडायला लागल्या. आमची यंत्रणा एकसारखे पदार्थ एकत्र करून दाखवते. 'पॅड सी यू ४' असं आलं. उस्तादांनी चारही प्लेटांचे नूडल्स एकदम कढईत टाकले. आकडा १०५ वर आला आणि तिथेच बसला. भाजीनं पाणी सोडलं. ते पाणी आटेपर्यंत कढई शंभरीच्या आसपासच राहणार, आणि खरपूसपणा यायला साधारण १४० च्या वर जावं लागतं. सॉस ओतला तर तो उकळायला लागला. चर्रर्र नाही, नुसती रटरट. हलवताना पट्ट्या मोडल्या आणि एकमेकींना चिकटल्या. तक्रारीतलं एकेक वाक्य माझ्या डोळ्यांसमोर तयार होत होतं.

चिनी पद्धतीचे मोठे बर्नर तासाला एक लाख बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) आणि त्याहून जास्त आच देतात. घरच्या शेगडीच्या किमान सहा-सात पट. ही शाखा मॉलमध्ये आहे. तिथे गॅसचा दाब आणि एक्झॉस्ट इमारत ठरवते, त्यामुळे आमचा बर्नर त्या आकड्याच्या जवळही जात नाही. किचनचा नकाशा काढणाऱ्यांनी तो वोकसमोर कधी उभं न राहता काढला, हे माझं पहिल्यापासूनचं मत आहे.

"उस्ताद, चार-चार का टाकता?"

त्यांनी मान वर केली नाही. "लाल होतं ना मॅडम."

आठ मिनिटं उलटली की स्क्रीनवरची ऑर्डर लाल होते.

"दोन-दोन केलं तर?"

"आधी दोन-दोनच करायचो. तुम्हीच लिहून गेलात."

मॅनेजरच्या खोलीत जुन्या ऑडिटची फाईल होती. दोन वर्षांपूर्वीचा कागद सापडला. 'वोक स्टेशन : वेग कमी. एकत्रित ऑर्डरी विभागून शिजवल्या जातात. सुधारणा आवश्यक.' खाली माझी सही. वेगाला दहापैकी चार गुण दिले होते. चवीच्या रकान्यात मी काय लिहिलं होतं, हे पाहायला पान उलटलं. 'उत्तम.' दोन्ही शेरे एकाच माणसाचे, एकाच संध्याकाळचे, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

बाहेर येऊन मी सांगितलं, आज दोनपेक्षा जास्त टाकायचे नाहीत, लाल झालं तर होऊ दे. पुढचा दीड तास फार अवघड गेला. अकरा ऑर्डरी लाल झाल्या. वाढपी पोरं काउंटरवर येऊन माझ्याकडे बघायची. मॅनेजर दर पाच मिनिटांनी घड्याळ दाखवत होता. त्याचा बोनस त्या लाल रंगावर ठरतो, त्यामुळे मी त्याला दोष देत नाही. दोन टेबलांनी उशिराबद्दल सुनावलं. प्लेटा मात्र रिकाम्या परत येत होत्या, आणि त्या रात्री नूडल्सची एकही तक्रार आली नाही.

चेनमधलं आशियाई जेवण चांगलं असतं का, असं मला नेहमी विचारतात. माझं उत्तर त्या रात्रीपासून बदललं आहे. पूर्वी मी सामान आणि रेसिपीबद्दल बोलायचे. आता विचारते, कुठला पदार्थ? तैवानच्या दिन ताई फुंगचं डम्पलिंग १८ चुण्यांचं ठरलेलं आहे आणि ते देशोदेशी तसंच मिळतं, कारण चुण्या शिकवता येतात आणि वाफ सगळीकडे जवळपास तेवढ्याच तापमानाची असते. १९८५ मध्ये जपानच्या फुकुओकात सुरू झालेलं इप्पुदो रामेन, म्हणजे रश्शातले नूडल्स, विकतं. हाडांचा रस्सा मोठ्या भांड्यात तासन् तास उकळला तर बिघडत नाही. अमेरिकेतल्या पांडा एक्स्प्रेसचं १९८७ चं ऑरेंज चिकन आधी तळून मग सॉसमध्ये घोळवतात, म्हणून तेही गर्दी सोसतं. असे पदार्थ चेनमध्ये बिनधास्त मागवावेत. वोकवरचा पदार्थ गर्दी सोसत नाही. त्याला एकावेळी एक-दोन प्लेट, मोठी आच आणि थांबायला तयार असलेलं गिऱ्हाईक लागतं. आम्ही चेनवाल्यांनी मेन्यू लिहिताना रस्सा, वाफ आणि वोक एकाच घड्याळाला बांधले, आणि ते घड्याळ लावणाऱ्यांत मी होते.

अहवाल पाठवताना फॉर्मवर 'कारण' या रकान्यात तीनच पर्याय होते : कच्चा माल, उपकरण, कर्मचारी. मी एकही निवडला नाही आणि खाली पानभर लिहिलं. मागण्या दोन : वोकच्या पदार्थांना बारा मिनिटं आणि गर्दीच्या रात्री वोकवर दुसरा माणूस. ऑफिसचं उत्तर आलं की वेळ बदलायची तर सगळ्या शाखांची बदलावी लागेल, त्यावर पुढच्या तिमाहीत बोलू. माणसाबद्दल काही लिहिलं नव्हतं.

मला जास्त खातं ते हेच. चारऐवजी दोन-दोन म्हणजे तेवढ्याच प्लेटांना दुप्पट वेळा कढई उचलायची. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी पाच शेफ कढई झटकताना चित्रित करून २०२० मध्ये त्याचं गणित मांडलं होतं. एक झटका साधारण सेकंदाच्या एक तृतीयांशात होतो. या कामात आचाऱ्यांचे खांदे दुखावतात, हाच त्या अभ्यासामागचा एक विचार होता. त्या रात्री बंद करताना उस्ताद डाव्या हातानं उजवा खांदा दाबत होते. मी विचारलं तर म्हणाले, "दोन-दोन करीन मॅडम, मलाही तेच बरं वाटतं. पण शुक्रवारी जोडीला एक माणूस द्या."

गेल्या तीन शुक्रवारी त्या शाखेतून पॅड सी यूची एकही तक्रार नाही. नियम बदललेला नाही, माणूस दिलेला नाही, आणि लाल ऑर्डरीही वाढलेल्या नाहीत. काल उस्तादांना फोन केला. ते म्हणाले, दोन-दोनच टाकतोय, हात जरा पटापट चालवतो, खांद्याला पट्टा घेतलाय. मॅनेजर म्हणतो, सुटला ना प्रश्न, मग तक्रार बंद करा.