सी हॉक : धुरांड्याचं काम झालं, पंख उघडेच ठेवतोय

वास्कोत आठवडाभर पाऊस थांबायला तयार नाही, तेव्हा विमानाच्या मॉडेलचं रंगकाम बंद. गेल्या आषाढात अशाच दमट हवेत स्प्रे मारला आणि रंगावर पांढुरकी साय धरली. सगळं घासून काढावं लागलं. या खेपेला फक्त जोडणी.

१:७२ प्रमाणातलं हे सी हॉक, म्हणजे जहाजावरून उडणारं जुनं लढाऊ जेट, आपल्या नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं, म्हणजे 'व्हाइट टायगर्स'चं. खरं विमान १२ मीटर, हे जेमतेम १७ सेंटिमीटर. दोन संध्याकाळी फक्त धुरांड्यांवर गेल्या. एकाच नीन नावाच्या जेट इंजिनाचा झोत दोन नळ्यांत फोडून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर काढलाय, त्यामुळे मागचा भाग मोकळा राहून तिथे इंधनाची टाकी बसली. ही युक्ती मला फार आवडते. पण किटमध्ये नेमका नळीच्या आतच सांधा येतो. काडेपेटीच्या काडीला पॉलिश पेपर गुंडाळून तो घासला. मध्येच शंका आली म्हणून बोगमाळोच्या रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन तिथल्या सी हॉकचं धुरांडं अर्धा तास न्याहाळून आलो.

पंख दुमडले तर मॉडेल देखणं दिसतं, मान्य. पण मला ४ डिसेंबर १९७१ ची सकाळ हवी आहे. विमानवाहू जहाज विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला, म्हणून जहाजाचा वेग कमी. वेग कमी म्हणजे डेकवर समोरून मिळणारा वाराही कमी, आणि उड्डाणाला तोच तर लागतो. तरीही संतोषकुमार गुप्ता यांच्या स्क्वाड्रनची ८ सी हॉक पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर हल्ल्याला गेली, दुपारी चितगावची पाळी आली. गुप्तांना पुढे महावीर चक्र मिळालं. या सगळ्याचा भार शेवटी वाफेच्या कॅटापल्टवर, म्हणजे डेकवरून विमान पुढे भिरकावणाऱ्या यंत्रावर, आणि विमान त्याला अडकवणाऱ्या पोलादी दोरावर होता. तो दोर ताणलेला दिसलाच पाहिजे, म्हणून पंख उघडे.

आमचे मामा दाबोळीजवळ वाढले. १९६४ मध्ये नौदलाचा हंसा हा हवाई तळ इथे आल्यानंतर ही विमानं रोज डोक्यावरून जायची. आवाजावरून ते आजही ओळखतील, असं म्हणतात.

दोरासाठी बाजारातून गरीची बारीक तंगूस आणली आहे. सोबत शिशाच्या गोळ्याही, कारण नाकात वजन नसेल तर हे विमान शेपटीवर बसतं. तीन गोळ्या पुरल्या नाहीत, चौथी कॉकपिटमागे कोंबतो.