विमानाच्या आवाजाची तक्रार करायला निघाले, त्याची हकीकत

आमचा फ्लॅट बेलतरोडीच्या पुढे, शंकरपूरच्या बाजूला आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'विमानतळापासून फक्त १० मिनिटे'. खोटं नव्हतं ते. आमच्या गच्चीवरून गेलेलं विमान तर मिनिटाच्या आत रनवेला टेकतं.

फ्लॅट पाहिला तो मे महिन्यातल्या एका दुपारी. नागपूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. सॅम्पल फ्लॅटच्या खिडकीत भलामोठा लोखंडी कूलर धडधडत होता, आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो, आणि कौतुक कशाचं, तर हवा किती छान येते याचं. दसऱ्याला राहायला आलो. ऑक्टोबरचा उकाडा होता म्हणून कूलर चालूच होता. दिवाळीच्या आधी तो खिडकीतून उतरवला, त्याच्या गवती ताट्या गच्चीवर वाळत टाकल्या, आणि त्याच रात्री पावणेबाराला विमान थेट आमच्या बेडरूममध्ये आलं. निदान मला तसंच वाटलं. मुलगी रडत उठली, नवऱ्याने पंखा पडला म्हणून लाइट लावला. सासरे मात्र हॉलमध्ये शांत घोरत होते.

सासऱ्यांचं आधी सांगते, कारण पुढे सगळं त्यांच्याच हातून झालं. बाबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, पत्रं वेगळी लावणारे सॉर्टर होते. नोकरीला लागले तेव्हा नागपूरची रात्रीची एअर मेल चालू होती. १९४९ ते १९७३ या काळात रोज रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं सोनेगावला, म्हणजे याच विमानतळावर, यायची, मध्यरात्री थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. सगळ्या देशाची पत्रं झोपेच्या वेळी नागपुरात भेटायची, असं बाबा सांगतात. त्यामुळे रात्रीचं विमान म्हणजे त्यांच्या लेखी देश नीट चालू असल्याची खूण. सकाळी मी चिडून बोलले तेव्हा म्हणाले, "काल पावणेबाराचं ना? वेळेवर होतं."

तक्रार कुठे करायची इथूनच सुरुवात. पहिल्या ठिकाणच्या साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, डीजे असता तर आत्ता माणूस पाठवून बंद केला असता. विमानामागे कोणाला पाठवू?" दुसऱ्या कार्यालयात कळलं की आवाज त्यांच्याकडेच येतो, पण जमिनीवरचा, आकाशातला नाही. तिसऱ्या ठिकाणी विचारलं, "तुम्ही कुठून येऊन राहिले?" पत्ता सांगितला तर म्हणे, तो भाग आमच्या हद्दीत नाही. विमान तुमच्या हद्दीतून आमच्या हद्दीत येतं की आमच्या हद्दीतून तुमच्या, यावर दहा मिनिटं गेली. तिन्ही ठिकाणांची नावं मुद्दाम लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती, फक्त प्रत्येकाच्या टेबलावर माझ्या कागदासाठी जागा नव्हती.

मग ठरवलं, आधी पुरावा गोळा करायचा. फोनमध्ये नॉइज ट्रॅकर घेतलं. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आपल्याच गावातली, त्यांचंच अ‍ॅप. पहिल्या रात्री बाल्कनीत उभी राहून मोजलं तर विमान ७८ डेसिबल, खालचा कुत्रा ८१ आणि बाबांचा ठसका ८४. कुत्र्याने आणि बाबांनी मिळून माझी केस अर्धी मारली. फोनचा माइक म्हणजे काही प्रमाणित यंत्र नव्हे, हेही मला ठाऊक होतं. पण कच्चा हिशेब तरी होतो.

बाबांनी त्यासाठी जुनं लांबडं रजिस्टर काढलं आणि पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, कुठून आलं, आवाज, खिडकी उघडी की बंद, शेरा. रात्री ते तसेही दोनदा उठतात. महिन्याभरात त्यांनी वीस पानं भरली. अक्षर असं की कोर्टात ठेवावं. फक्त शेऱ्याच्या रकान्यात आवाजाबद्दल एक शब्द नाही. तिथे 'वेळेवर', '१२ मि. उशीर', 'बहुधा दिल्ली' असं सगळं. मी म्हटलं, बाबा, आपण तक्रार करतोय. ते म्हणाले, "मग? उशिराची तक्रारच आहे ना ही."

त्या हिवाळ्यात रनवेच्या रीकार्पेटिंगसाठी, म्हणजे वरचा थर नव्याने घालायला, दिवसा रनवे बंद ठेवत होते, त्यामुळे विमानं सकाळी आणि रात्री दाटीवाटीने यायची. रजिस्टरात ते स्वच्छ दिसतं. सरासरी धरली तर सकाळी ६ ते रात्री १० मध्ये २५, रात्री १० ते सकाळी ६ मध्ये सहा.

पहिला अर्ज मी मोठ्या जोरात लिहिला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आमच्याकडे ७८ येतात, काय ते करा. सोबत माहितीच्या अधिकाराचा अर्ज जोडला, दहा रुपये भरले आणि आमच्या भागाचा आवाजाचा नकाशा मागितला. अर्ज चुकीच्या दारी गेला होता. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) खाली त्यांनी तो पुढे पाठवायला हवा होता, पाच दिवसांत. अडीच आठवडे लागले. (ज्यांना अर्ज करायचा असेल त्यांनी विषयाच्या ओळीतच ६(३) चा उल्लेख करावा, नाहीतर कागद तिथेच निजतो.)

उत्तर आलं ते चार ओळींचं. विमानतळाच्या आवाजासाठी केंद्र सरकारची जून २०१८ ची वेगळी अधिसूचना आहे. वर्षाला ५० हजारांहून जास्त उड्डाणं-उतरणं असलेल्या गजबजलेल्या विमानतळांना दिवसा ७० आणि रात्री ६५, बाकीच्यांना ६५ आणि ६०. नागपूर बाकीच्यांत. आणि हे आकडे सरासरीचे आहेत. नकाशा या कार्यालयात उपलब्ध नाही. वायुसेनेच्या विमानांचा विषय आमच्या कक्षेत येत नाही.

'सरासरीचे' या एका शब्दावर मी अडले. मी एका फर्ममध्ये हिशेब बघते, सरासरी माझ्या रोजच्या कामाची. पण डेसिबल रुपयासारखे वागत नाहीत. ७८ चे दोन आवाज एकत्र आले तर १५६ होत नाहीत, ८१ होतात. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने रविवारी येऊन डायनिंग टेबलवर गणित मांडलं. एक विमान दहा सेकंद ७८ ने ओरडलं असं धरू. दिवसाची २५ विमानं म्हणजे अडीचशे सेकंद. दिवसाचे सोळा तास म्हणजे ५७,६०० सेकंद. एवढ्या शांततेत तो आवाज पसरला की सरासरी येते साधारण ५४. रात्रीच्या सहा विमानांची ५१.

म्हणजे ६५ आणि ६० च्या कितीतरी खाली. दिवसाचा आकडा तर माझ्याच अर्जातल्या ५५ मध्येही बसतो. रात्रीचा ५१ तेवढा ४५ च्या वर जातो, पण विमानतळाचा आकडा लावला की तोही खाली. गणित बरोबर होतं, मी तीनदा तपासलं. फक्त त्यात मुलगी कुठेच रडत उठत नव्हती.

मग दुसरं काय मागता येईल? भाच्याने फोनवर विमानांचा नकाशा उघडून दाखवला. सोनेगावचा रनवे एकच, ३,२०० मीटरचा, पण त्याला नावं दोन: १४ आणि ३२. शेवटचं शून्य लावलं की होकायंत्रावरची दिशा मिळते, १४० अंश आणि ३२० अंश. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरतं. ३२ वर उतरणारं आमच्याकडून येतं. तीन अंशांच्या उताराने, म्हणजे दर किलोमीटरला साधारण ५० मीटर खाली. टोकापासून आम्ही चारएक किलोमीटरवर, म्हणजे डोक्यावर जेमतेम सव्वादोनशे मीटर. वारा नसेल त्या रात्री दुसऱ्या बाजूने, १४ वर उतरवा असं सुचवायला काय हरकत आहे? मी अर्जाचा मसुदाही केला. नवऱ्याने तो वाचला आणि शांतपणे विचारलं, "दुसरी बाजू म्हणजे जयताळा ना? तुझी ताई राहते ते?"

तो मसुदा फाडला. नंतर ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "पाठव इकडे, तुझ्या भाऊजींना तसंही काही ऐकू येत नाही."

माहिती अधिकारातल्या पहिल्या अपिलानंतर मात्र एका अधिकाऱ्यांनी भेटायला बोलावलं. फेब्रुवारीत गेलो. बाबा रजिस्टर घेऊन आले, पांढरा शर्ट घालून. अधिकारी पानं उलटत गेले, 'बहुधा दिल्ली' पाहून हसले आणि म्हणाले, "काका, तुमचे अंदाज बहुतेक बरोबर आहेत." बाबा तिथेच फितूर झाले. पुढची पंधरा मिनिटं दोघं एअर मेलवर बोलत होते.

शेवटी ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्या इमारतीच्या उंचीची एनओसी पाहिली का कधी?"

नव्हती पाहिली. विमानतळाच्या आसपास इमारत बांधायची तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाची उंचीची परवानगी लागते, एवढं मला ऐकून माहीत होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींकडून फाइल घेतली आणि रात्री जेवण झाल्यावर ते पत्र वाचलं. आमच्या प्लॉटचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून जमिनीची उंची, इमारतीचा माथा कुठवर नेता येईल तो आकडा. खाली अटी. त्यातल्या एका अटीचा अर्थ असा होता की विमानतळावरच्या किंवा परिसरातल्या विमानांचा आवाज, कंपनं, नुकसान याबद्दल अर्जदार किंवा त्याच्या जागी येणारे तक्रार करणार नाहीत आणि भरपाई मागणार नाहीत.

अर्जदार म्हणजे बिल्डर. त्याच्या जागी येणारे म्हणजे आम्ही एकशे वीस कुटुंबं.

मी ती ओळ नवऱ्याला वाचून दाखवली, मग बाबांना. प्रत्येक फ्लॅटच्या व्यवहारात या पत्राची झेरॉक्स फाइलमध्ये होती. सातबारा पाहिला, रेरा नंबर तपासला, बँकेच्या वकिलाने तर नाल्यापासूनचं अंतरही मोजलं होतं. पण हे पान सगळ्यांनी 'उंचीचं आहे' म्हणून उलटलं. आमची तक्रार पहिली वीट लागायच्या आधीच कोणीतरी सही करून देऊन टाकली होती, आणि त्या सहीसकट घराचे पैसे आम्ही भरले होते. सर्वांत जास्त राग मला माझाच आला. दिवसभर दुसऱ्यांचे कागद वाचते मी.

वकील मैत्रीण म्हणाली, या अटीमुळे माहिती मागायला कोणी अडवू शकत नाही, ते करत राहा. ते चालू आहे. दुसऱ्या भेटीत अधिकाऱ्यांनी रजिस्टरातलं एक पान मागून घेतलं. त्यात रात्री दोनच्या सुमारास जमिनीवरूनच येणाऱ्या, अर्धा अर्धा तास चालणाऱ्या घरघरीच्या पाच नोंदी होत्या. इंजिन उभ्या जागी चालवून बघतात तेव्हा तसा आवाज येतो, म्हणाले, वेळेचं विचारतो. त्यानंतरच्या पानांवर तशी एकच नोंद आहे.

खिडक्यांना दुहेरी काच बसवायचा विचारही झाला. माणूस येऊन माप घेऊन गेला. जाताना त्याने विचारलं, "ताई, मग कूलर कुठे लावणार?" आणि खरंच, कूलरला बाहेरची हवा लागते. चार महिने खिडकी उघडीच राहणार असेल तर ती काच कोणासाठी? फक्त मुलीच्या खोलीला बसवली, तिच्याकडे एसी आहे.

मार्चच्या शेवटी ताट्या बदलून कूलर पुन्हा खिडकीत चढवला. त्या तारखेपासून बाबांच्या रजिस्टरात रात्रीच्या सगळ्या रकान्यांवरून एक आडवी रेघ मारलेली आहे आणि शेऱ्यात लिहिलंय, 'कूलर चालू. ऐकू आले नाही. वेळेवर असावे.'