तुम्ही विचारलंत म्हणून: वकील झाल्यावर परत कायचं शिकत होती?

लग्नाच्या पंगतीत बसली की वरण येईपर्यंत कोणी ना कोणी मावशी विचारतेच, "वकील तं झाली होती ना बाई, मग परत कायचं शिकत होती?" बार रूममधले सीनियर हेच हसत हसत विचारतात, आणि आता लॉ करून राहिलेली गावाकडची पोरं मेसेज टाकतात, "मॅडम, त्या कोर्सला स्कोप आहे का?" प्रत्येकाला वेगळं सांगून कंटाळली, म्हणून एकदाच लिहिते.

कोर्स म्हणजे एक वर्षाचा पीजी डिप्लोमा. वीज, पर्यावरण, खाणी, जंगल, पाणी, सगळ्यांचे कायदे एकाच टोपल्यात. घरी बसून करायचा, पुस्तकं पोस्टाने, लेक्चर मोबाईलवर, परीक्षेला तेवढं नागपूरला जा लागलं. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा पर्यावरण कायद्याचा डिप्लोमा बऱ्याच जणांना माहीत असतो, अमेरिकेत तर काही युनिव्हर्सिट्यांमध्ये यासाठी वेगळं ग्रॅज्युएट सर्टिफिकेटच असतं. मी कुठून केला ते सांगत नाही, उगाच जाहिरात नको.

का केला? माझ्या चुकीमुळे केला.

2016 ची गोष्ट. मी तेव्हा यवतमाळकडच्या वणीला प्रॅक्टिस करत होती, म्हणजे चेक बाउन्स, वाटणीचे दावे, अपघाताचे क्लेम, नवरा-बायकोची भांडणं. एका रविवारी मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, युरियाच्या थैलीत कागद गुंडाळून घरी आले. राजपत्राची झेरॉक्स होती, इंग्रजीतली, खाली सर्व्हे नंबरांची लांबच लांब रांग आणि त्यात आमचं सात एकर काळं वावर. मी फक्त ती रांग पाहिली आणि छाती ठोकून सांगितलं की काळजी करू नका मोठेबाबा, 2013 च्या नव्या भूसंपादन कायद्यात ऐंशी टक्के लोकांची संमती लागते, सामाजिक परिणामाचा अभ्यास लागते, दोन वर्षं तरी कोणी वावरात पाय ठेवत नाही. ते चहा पिऊन पऱ्हाटीला फवारा मारायला निघून गेले.

कागदाच्या अगदी वर कायद्याचं नाव छापलेलं होतं. तेवढी एक ओळ मी वाचली नाही.

तो 1957 चा कोळसाक्षेत्र संपादनाचा कायदा होता. त्याची गाडी वेगळ्या रुळावरून चालते. कलम 4 मध्ये सरकार म्हणते आम्ही इथे कोळसा शोधणार, कलम 7 मध्ये म्हणते ही जमीन घेणार, आणि ही कलम 7 ची अधिसूचना निघाली की 30 दिवसांच्या आत ज्याला हरकत घ्यायची त्याने कलम 8 खाली घ्यायची. मग कलम 9 चं डिक्लेरेशन, आणि ते निघालं की जमीन सरकारजमा. 2013 च्या कायद्याने शेवटी एक परिशिष्ट जोडून काही कायदे स्वतःच्या बाहेर ठेवलेत, त्यात हा पण आहे. 2015 पासून मोबदला आणि पुनर्वसन तेवढं नव्या कायद्याप्रमाणे मिळते, पण संमती बिंमती काही नाही. आणि ते ऐंशी टक्के तरी कोणासाठी, तर खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल तेव्हा, इथे खाण सरकारी, म्हणजे मी दोन्हीकडून चुकली होती.

मोठेबाबांचा कागद कलम 7 चा होता, माझ्या हातात आला तेव्हा 30 पैकी 19 दिवस बाकी होते. हे मी नंतर कॅलेंडर घेऊन मोजलं.

हरकत घेतली असती तर वावर वाचलं असतं असं मी म्हणत नाही. कोळशापुढे हरकत सहसा टिकत नाही. पण मोठेबाबांना समोर बसवून कोणीतरी ऐकलं असतं, विहीर, बांधावरची मोहाची झाडं, पाणंद कुठून जाते, हे सगळं त्यांच्या तोंडून कागदावर आलं असतं. मोबदला मिळाला, चुलतभाऊ खाणीवर नोकरीला लागला, घर पक्कं झालं. मोठेबाबा मला कधी काही बोलले नाहीत, फक्त एकदा जेवता जेवता म्हणाले, "पोरी, तू तं म्हनली होती ना, ऐंशी टक्के लागते म्हून?" त्यानंतर दोन महिन्यांत मी ॲडमिशन घेतली.

अभ्यासात मजा पण आली, खोटं काहून बोलू. आपल्याकडे सगळे म्हणतात जमिनीच्या पोटातलं सरकारचं, मी पण तेच धरून चालली होती. तर 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळातल्या केसमध्ये सांगितलं की कायद्याने काढून घेतलं नसेल तर पोटातलंही जमीनमालकाचंच. मी पुस्तक बंद करून अंगणात दोन चकरा मारल्या, म्हटलं मोठेबाबांचा कोळसा मोठेबाबांचा! मग पुढे शोधलं तर आपल्या जमीन महसूल संहितेचं, 1966 चं, कलम 48, सगळी खनिजं राज्य सरकारकडे राखून ठेवलेली. दोन चकरा वाया. तिकडे टेक्सासात शेतकरी जमिनीखालचं तेल वेगळं विकतो म्हणे, वरची जमीन वेगळी.

दुसरं म्हणजे टॉवर. वावरात हायटेन्शन लाईनचा टॉवर उभा राहिला की लोक विचारतात, आम्हाला न विचारता कसा काय? तर 2003 च्या वीज कायद्याचं कलम 164 वापरून सरकार लाईन टाकणाऱ्याला 1885 च्या तार (टेलिग्राफ) कायद्याचे अधिकार देऊ शकते, आता तारा पाठवायचं बंद झालं पण त्यांचा कायदा टॉवरच्या कामी येते. मोबदला कमी वाटला तर जिल्हा न्यायाधीशाकडे जाता येते, हे आमच्या भागात कोणाला माहीत नाही, मलाही नव्हतं. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2,920 मेगावॅटचं, आमच्याकडून फार दूर नाही, आणि हा वीज कायदा मी टॉर्च लावून वाचला कारण लाईन गेलेली.

नोट्समध्ये मेंढा-लेखा आलं तेव्हा मात्र बरं वाटलं. आपल्या गडचिरोलीतलं गाव, वनहक्क कायद्यात साधारण 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकला.

आता त्या शिक्षणाचा उपयोग एकदा कसा झाला ते सांगते, कारण विचारणाऱ्यांना खरं तर हेच पाहिजे असते. एका खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी होती, म्हणजे पर्यावरण मंजुरीच्या आधी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायची सभा. मंडप, कुलर, पाण्याच्या बाटल्या, पोलीस, आणि मागच्या खुर्च्यांवर कोणी आणून बसवलेली माणसं. एक बाई उठली, पदराची गाठ सोडली आणि मूठभर कापूस टेबलावर ठेवला. करडा पडलेला, हाताला काळं लागत होतं. म्हणाली, "साहेब, ट्रकाच्या रस्त्याले वावर हाय माहं. जिनिंगवाला म्हन्ते हा कापूस हाय का झाडलोट?" सगळे हसले, ती नाही हसली.

दोन वाजता सुनावणी संपली असं जाहीर झालं, लोक जेवणाकडे वळले. मी उठून म्हटलं, इतिवृत्त वाचून दाखवा. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेच्या परिशिष्ट चारमध्ये स्पष्ट आहे, सुनावणीच्या शेवटी लोकांनी काय म्हटलं त्याचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा आणि जिल्हाधिकाऱ्यांनी, किंवा त्यांच्या जागी जे बसले त्यांनी, त्याच दिवशी सही करायची. थोडी कुजबुज झाली, मग वाचलं. त्यात होतं, "धुळीबाबत एका महिलेने तक्रार केली." कापूस हा शब्दच नाही. मी म्हटलं, त्या बाईंनाच विचारा त्या काय बोलल्या. अर्धा तास लागला, पण धुळीने कापसाची प्रत घसरते आणि भाव कमी मिळतो हे वाक्य आत गेलं. पुढे मंजुरी मिळालीच. पण वाक्य कागदावर आहे, आणि उद्या कोणाला हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या केसेस चालतात त्या न्यायाधिकरणात, पुण्याला अपील करायचं असेल (तिथेही 30 दिवस, फार तर वरचे 60) तर सुरुवात तिथून होते.

स्कोपचं विचारता तर पैसा कंपन्यांच्या बाजूने आहे, इकडे फी म्हणून कधी तुरीची डाळ येते. माझं घर अजूनही चेक बाउन्सवरच चालते. ज्या पोराला कोर्स करायचा त्याने खुशाल करावा, फक्त सहा महिने तहसीलमध्ये बसून नोटीस कशी निघते, कुठे चिकटवतात, कधी चिकटवतात ते आधी पाहावं, नाहीतर पुस्तकातले 30 दिवस आणि गावातले 30 दिवस यांचा मेळ बसत नाही.

मोठेबाबा आता पंच्याहत्तरीचे आहेत. पेपरातली प्रत्येक जाहीर नोटीस कात्रीने कापून ठेवतात आणि रविवारी त्याच युरियाच्या थैलीतून आणतात. परवा सात होत्या. तीन नावबदलाच्या, दोन हरवलेल्या खरेदीखताच्या, एक बँकेच्या लिलावाची, एक वारसाची. मी सातही पहिल्या ओळीपासून वाचल्या, मग त्यांनी चहा घेतला.